चुनाईघरातला पहिला नंबर

१७ नोव्हेंबर २००८

नागपूरच्या ट्रेनिंगवाल्या सरांनी ही डायरी दिली. म्हणाले, माणसं सांभाळायला लागलात, आता रोज तीन गोष्टी लिहायच्या: आज काय झालं, काय शिकलो, काय वाटलं. पहिल्या दोन मला जमतील.

काय झालं ते हे. शेठनी मला चुनाईघराचा इन्चार्ज केलं. सहा वर्षांपूर्वी मी दवनीवाड्याहून येऊन या राईस मिलच्या धरमकाट्यावर ट्रक तोलून त्यांचे नंबर लिहायला लागलो. काट्याला कंप्यूटर जोडला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, कारण बिघडला तर पगारातून कापतील. मी लावला. दुपारच्या सुट्टीत नेट कॅफेत बसून एक्सेल शिकलो. आता कोणत्या गावचं धान किती उतारा देतं, धान सोलणाऱ्या कोणत्या हुल्लरवर कणी जास्त पडते, हे शेठ मला विचारतात.

काल बोलावून म्हणाले, "हेमेंद्र, डाटा तो तू समझता है. अब आदमी समझ."

मी म्हटलं, "शेठजी, चुनाईघर में तो सब औरतें हैं."

शेठ खळखळून हसले. कोणालाही हसवता येतं, हे माझं अर्धं भांडवल. उरलेलं अर्धं म्हणजे कान. मिलच्या खडखडाटात कोणता पट्टा सैल झालाय हे मी केबिनमध्ये बसून सांगतो. माणसांचंही तसंच.

चुनाईघरात सोळा बाया लाइनीत बसून तांदळातले काळे दाणे, खडे, न सोललेलं धान बोटांनी वेचतात. एचएमटी आणि चिन्नोर, हे दोनच तांदूळ तिथे जातात. सुखराम मुकादम संध्याकाळी डोळ्यांनी अंदाज घेऊन सांगतो, कोणाचं काम झालं, कोणाचं नाही. अंदाज! मला हसूच आलं.

काय वाटलं: विशेष काही नाही.

२४ नोव्हेंबर

आजपासून बिल्ले. प्रत्येकीला एक नंबर, तोच नंबर तिच्या डब्यावर. निवडलेला तांदूळ आपल्या डब्यात टाकायचा, संध्याकाळी सुखरामने वजन करायचं, मी नोंदवायचं. रोजचं एक किमान वजन ठरवलं. आठवडाभर त्याच्या खाली राहिली ती घरी, वर राहिली तिला कोणी हात लावायचा नाही. नियम शेठचा, आकडा माझा.

बायांना समजावून सांगितलं. गुंजन नावाची एक आहे, वयाने सगळ्यात लहान, जिभेने सगळ्यात मोठी. म्हणाली, "बाबू, हा बिल्ला गऱ्यात बांधू का कानात टोचू? आमच्या घरच्या म्हशीले कानात हाय."

सगळ्या हसल्या. मीपण हसलो. हसणाऱ्या माणसाचा राग अर्धा उतरतो.

सुलोचनाबाई लाइनीत सगळ्यात जुनी. मी दारातून आत शिरलो तशी मागे न वळता म्हणाली, "हेमेंद्रबाबू आला. चप्पल नवी घेतली वाटते." मी थक्क. माझ्या जोडीचे कान असलेलं माणूस या मिलमध्ये आहे तर.

२ डिसेंबर

खिडकीजवळच्या बायांचे आकडे जास्त येतात. उजेडाचा परिणाम. लोडशेडिंगच्या वेळेत तर फारच. म्हणजे आकडा बाईचा नाही, जागेचा झाला. म्हणून आजपासून रोज सकाळी चिठ्ठ्या उचलायच्या आणि निघेल त्या जागेवर बसायचं.

सुखराम म्हणाला, "काऊन साहेब? वीस वर्षं झाले, ज्या त्या जागी बसून राहिल्या."

"म्हणूनच," मी म्हटलं.

एक चांगली पद्धत त्यांच्यात आधीपासूनच आहे. एखादी पाण्याला किंवा बाहेर जायला उठली, की तिच्या सुपातला निवडलेला तांदूळ शेजारची बाई तिच्या डब्यात रिता करते. सूप उघडं पडलं तर चिमण्या येतात. कोणाला सांगावं लागत नाही. याला ट्रेनिंगमध्ये टीमवर्क म्हणाले होते.

काय वाटलं: बरं चाललंय.

११ डिसेंबर

एक गंमत सापडली. सुलोचनाबाईच्या शेजारी ज्या दोघी बसतात त्यांचा त्या दिवशीचा आकडा पडतो. आज या दोघी, उद्या दुसऱ्या. चिठ्ठीत तिचा शेजार आला की आकडा खाली. तीन-चार जणी सोडल्या तर सगळ्यांचं तेच.

अर्थ सरळ आहे. बाई बोलकी आहे. स्वतःचे हात चालू ठेवते आणि शेजारणीला गप्पांत अडकवते. खात्री करायला आज खिडकीबाहेर उभा राहून ऐकलं. उलट तिच्या बाजूला सगळ्यात जास्त शांत होतं. लाइनीच्या दुसऱ्या टोकाला मात्र कोणाच्या तरी जावयाची धुलाई चालली होती. मी आल्याचं कळलं असेल, म्हणून ही गप्प बसली असेल. तिचे कान!

१९ डिसेंबर

महिन्याचा हिशेब काढला. सुलोचनाबाई पहिली! तीसुद्धा दोन नंबरच्या रामकलीपेक्षा बरीच पुढे. गुंजन शेवटून दुसरी आणि रुख्मा शेवटची. जीभ चालते तिथे हात चालत नाहीत, हे माझ्या बापाचं म्हणणं खरं निघालं.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, कौतुक चारचौघांत करा. म्हणून आज सगळ्यांसमोर सुलोचनाबाईला स्टीलचा डबा दिला. तिने तो दोन्ही हातांनी चाचपला, झाकण उघडलं, परत लावलं. मग ताठ उभी राहिली. मी विचारलं, "माय, या वयात एवढं काम? सांग या पोरींना, काय युक्ती आहे?"

म्हणाली, "हे डोयाचं काम नोहे बाबू, बोटाचं हाय. खडा बोटाले आपोआप समजते."

बायांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की सुखराम धावत आला. रुख्मा पदर तोंडाला लावून हसत होती. गुंजनचे डोळे भरून आले होते. शेवटून दुसरी आली, वाईट वाटणारच. स्पर्धा अशीच लागते.

सुलोचनाबाईचं वाक्य केबिनच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

घरी बायकोला, रिंकीला, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की ही पहिल्या नंबरची बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून मला वेळ विचारते. लिहितावाचता येत नाही, पण घड्याळही येऊ नये? रिंकी कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"घड्याळ तं लिहिता न येनाऱ्या मायलेबी समजते," ती म्हणाली.

"मग?"

"मंग काही नाही. तुमी आकडेच पाहा."

रिंकीला माझ्या कामातलं कळत नाही, आणि मला तिच्या टोमण्यातलं.

५ जानेवारी २००९

शेठनी सॉर्टेक्स मशीन घेतलं. काळा दाणा कॅमेऱ्याने पाहतं आणि हवेच्या फुंकरीने उडवतं. एचएमटी पूर्ण मशीनवर जाणार. चिन्नोर तेवढा हातानेच, कारण नागपूरचा व्यापारी "हाथ का चुना हुआ" असं पोत्यावर छापतो.

"सात रखो, नौ छोड़ दो," शेठ म्हणाले. "तेरे पास तो नंबर है. किसी को बोलने की जगह नहीं."

खरं आहे. पूर्वी मुकादम आपल्या मर्जीतल्या ठेवायचा. आता कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही. फाईल उघडली, नंबर लावले, सातव्या ओळीखाली रेघ मारली. चहा आला तोवर काम झालंसुद्धा.

काय वाटलं: काही नाही. खरंच काही नाही. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो आपला वाटत नाही, तसं काहीतरी. चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखं.

१२ जानेवारी

नऊ जणींना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. ट्रेनिंगमध्ये पद्धत शिकवली होती: आधी एक चांगली गोष्ट सांगा, मग वाईट, मग परत चांगली.

रुख्माला म्हटलं, "तू कधी उशिरा आली नाहीस." ती म्हणाली, "हो." मग दुसरी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हो." मग म्हटलं, पुढे काही निघालं तर नक्की बोलावू. त्यालाही "हो" म्हणाली, बिल्ला टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून गेली. नमस्कार कशाला केला कळलं नाही.

गुंजनने मला पहिलंच वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "गोड बोलून मारू नोको बाबू. सरळ सांग."

सांगितलं.

"कोन कोन रायलं?"

सात नावं वाचली. ती ऐकत होती. "सुलोचनामाय रायली?"

"पहिली आहे ती."

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि हसली. टोमणा असेल. पण टोमण्याचा आवाज मला ओळखता येतो, आणि हा तसा नव्हता. दारातून वळून म्हणाली, "बाबू, तुले झोप येते ना?"

"येते."

"येऊ दे," म्हणाली.

शेठनी पाठीवर थाप मारली. एवढी नऊ माणसं गेली आणि फाटकावर ना आरडाओरड ना मोर्चा. हीच लीडरशिप, म्हणाले.

काय वाटलं: भूक लागली होती.

१४ जानेवारी

संक्रांत. चुनाईघरात गेलो, कोणी तिळगूळ दिला नाही. सुलोचनाबाईने दिला. माझा हात शोधून तळव्यावर ठेवला.

२२ जानेवारी

कुठेतरी चुकतंय. सात जणींच्या दिवसाच्या कामाचा मी जो हिशेब काढला होता, त्याच्या खूपच खाली येतंय. सगळ्यात मोठा खड्डा सुलोचनाबाईचा. महिनाभर पहिली असलेली बाई रोज किमानाच्याही खाली. आणि जो डबा भरते त्यातही काळे दाणे निघतात.

कारणं लिहून काढली. सॉर्टेक्सचा आवाज. जुन्या सोबतिणी गेल्याचं दुःख. थंडीत बोटं आखडतात.

तिला विचारलं. ती स्वतःच चक्रावलेली होती. सुपातला तांदूळ मुठीत घेऊन परत सोडला. "बाबू, तांदूळ बदलला का यंदाचा?"

"तोच आहे, माय."

"नाही," ती म्हणाली. "हात तं तेवढाच चालून राहिला माया. मंग डबा काऊन भरत नाही?"

घरी विक्स आहे का विचारलं. चोळ म्हटलं.

३० जानेवारी

नागपूरच्या व्यापाऱ्याने चिन्नोरचा माल परत पाठवला. पोत्यात काळे दाणे. शेठनी मला सुखरामसमोर, हमालांसमोर झापलं. "तेरे कंप्यूटर ने लंगड़े घोड़े चुने!" कौतुक चारचौघांत आणि चुका एकांतात, हे शेठना कोणी शिकवलं नाही.

मी हसून "हो शेठजी" म्हटलं. हसू आपोआप आलं, पायलीभर आहे माझ्याकडे. कान मात्र गरम झाले नाहीत. पूर्वी व्हायचे.

फाईल तीनदा तपासली. वजनं बरोबर, बेरजा बरोबर. मग सगळ्यात खालच्या बायांना विचारून पाहावं असं ठरवलं. वरच्यांना तर विचारून झालं.

१ फेब्रुवारी

आज रविवार. बायांची वस्ती रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. गुंजन बोरिंगवर सापडली. रुख्मा हापसत होती, आणखी तिघी-चौघी घागरी घेऊन उभ्या होत्या, सगळ्या माझ्याच काढलेल्या. मला पाहून कोणी शिवी दिली नाही. गुंजन म्हणाली, "या साहेब, पानी प्या. बिल्ला लागत नाही इथं."

मी सरळ सांगितलं. माल परत आला. सुलोचनाबाई रोज खाली येते. शेठ तिला काढणार. पहिल्या नंबरच्या बाईला एकाएकी काय झालं, तुम्हाला काही माहीत आहे का?

रुख्माने दांडा सोडला. गुंजनने घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "तुले खरंच दिसलं नाही, बाबू? का दिसत असून बोलून राहिला?"

"काय?"

"तिले दिसत नाही. दोन साल झाले. एक डोया शिबिरात नेला तं बिघडला, दुसऱ्यात निसता धूर हाय. बोटानं किती निवडन? खडा समजते, काया दाना बोटाले कसा समजन?"

"मग वजन?"

गुंजनने रुख्माकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "मी टाकत होतो. मायी पाळी तिच्या शेजारी आली का, ती उठली का, तिचं सूप रितं करताना माया डब्यातलं तिच्या डब्यात. किमान भरेपर्यंत. कोनाले बोललो नाही."

रुख्मा म्हणाली, "तू?"

"हो."

"आन् मी काय करत होतो मंग? मायी पाळी आली का मीबी तेवढंच टाकत होतो! मले वाटे मी एकलीच हावो."

घागर धरून उभी असलेली एक बाई म्हणाली, "अवो बाई, मीबी." तिच्यामागचीने नुसतं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

क्षणभर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग रुख्मा जी हसत सुटली ती थांबेना, दांड्याला धरून खालीच बसली. "म्हनून बुढी पहिली आली! दोन्हीकडून भरून राहिलो आपन! आन् ह्यानं तिले डबा देल्ला!" सगळ्या पोट धरून हसत होत्या. कोणाची तरी घागर कलंडली. मीही तिथेच उभा होतो, हसणाऱ्यांत, कलंडलेली घागर सरळ करत.

मी विचारलं, "एकमेकींना का नाही सांगितलं?"

गुंजन म्हणाली, "एकीनं दुसरीले सांगतलं का ते तिच्या कानावर गेलं असतं. तिचे कान पाहिले ना तू? माय समजते का तिचाच हात चालून राहिला. समजू दे ना."

"आणि किमान? तुमचे आकडे?"

"आमचा आकडा तूच पायत होता ना," ती म्हणाली. "आमी माय पायत होतो."

२ फेब्रुवारी

फाईल उघडली. प्रत्येकीचे दिवस दोन भागांत लावले: सुलोचनाबाईच्या शेजारी बसलेले आणि न बसलेले. न बसलेल्या दिवसांत गुंजन साऱ्या लाइनीत पहिली, रुख्मा तिसरी. ज्यांना मी काढलं त्यांच्यातल्या बहुतेक वरच्या अर्ध्यात. ज्यांना ठेवलं त्यांच्यातल्या चार जणींचे आकडे तिच्या शेजारीही पडलेले नाहीत. त्यांनी काही वाईट केलं नाही. आपापला डबा भरला. रामकलीला चार लेकरं आहेत.

चिठ्ठ्या मीच काढायला लावल्या होत्या. पूर्वीच्या जागा राहिल्या असत्या तर सुलोचनाबाईला दोनच शेजारणी मिळाल्या असत्या आणि दोघी केव्हाच दमल्या असत्या.

हे सगळं ११ डिसेंबरला माझ्यासमोर होतं. मी त्याला गप्पा म्हटलं.

काय वाटलं: काहीतरी वाटायला पाहिजे, असं वाटलं.

४ फेब्रुवारी

शेठना अर्धी गोष्ट सांगितली. मोजण्यात चूक झाली, गुंजन चांगली आहे, तिला परत घेऊ. बाकीच्या आठ जणींचाही विषय काढला. शेठनी हातानेच गप्प केलं. "एक लो. और वो बुढ़िया को निकालो. सात मतलब सात."

मी म्हटलं, एक आठवडा दोघींना ठेवू द्या, नवीन लाइन बसते आहे. पुढच्या शनिवारपर्यंत फाईल दाखवतो.

शेठ म्हणाले, "शनिवार को जो नीचे, वो बाहर."

मग सुलोचनाबाईला सांगायला गेलो. आधी कल्पना दिलेली बरी, असंही शिकवलं होतं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. 

"चप्पल घासून राहिला बाबू," ती म्हणाली. "बोल ना."

"चहा घेतलास का, माय?"

"घेतला."

"बरं," म्हटलं आणि परत आलो.

७ फेब्रुवारी

गुंजन कामावर आली. आत जाताना तिला फक्त पुढच्या शनिवारचं सांगितलं. म्हटलं, खाली येईल ती जाईल. तिने मान हलवली आणि सरळ लाइनीत जाऊन बसली. रामकलीच्या कानात काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं असतं. मी त्याच वेळी बाहेर येऊन हमालांच्या हजेरीचं पाहिलं.

१४ फेब्रुवारी

फाईल शेठसमोर ठेवली. आठ बाया, आठवडाभर, रोज आठही किमानाच्या वर. एकूण वजन शेठच्या अपेक्षेपेक्षा जास्त. सुलोचनाबाई सहाही दिवस चौथी.

शेठनी शेवटची ओळ पाहिली, मग बाईचं नाव शोधलं. "ये तो बीच में है."

"हो शेठजी."

"पहले एक नंबर, फिर सबसे नीचे, अब बीच में?"

"तब्येत होती शेठजी. आता ठीक आहे."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. हसलो असतो तर त्यांना कळलं असतं.

"सब मिनिमम के ऊपर?"

"सब."

"माल में काला दाना?"

"नाही. गुंजन शेवटचा हात फिरवते."

"तो झगड़ा किस बात का," शेठ म्हणाले आणि फोन उचलला.

बाहेर आलो. सुखराम काट्याजवळ उभा होता.  दोघांनी मिळून एक बिडी ओढली. मी बिडी ओढत नाही.

२१ फेब्रुवारी

रुख्माला बोलावता येईल का म्हणून वस्तीत निरोप पाठवला होता. ती नवऱ्यासोबत तिरोड्याकडे गेली, तिथे बांधकामावर विटा-रेती वाहणारी रेजा म्हणून लागली. बाकीच्या सात जणींपैकी दोघी उन्हाळी धानाच्या कामावर आहेत. इतरांचं माहीत नाही. माहीत करून घेता येईल. घेतलं नाही.

२७ फेब्रुवारी

शेठनी आनंदाची बातमी दिली. सडक अर्जुनीला हायवेवर नवी मिल बसते आहे, एप्रिलपासून ती माझ्याकडे. बिल्ल्याची पद्धत तिथेही लावायची. इथे नागपूरचा एक इंजिनियर मुलगा येतोय. शेठ म्हणाले, "तेरे से भी तेज है कंप्यूटर में."

रिंकीला सांगितलं तर म्हणाली, "तिथंबी कोनी सुलोचनाबाई असनच." मी म्हटलं, असेल. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

फाईल उघडून नव्या मुलाच्या नजरेने पाहिली. तो पहिल्याच दिवशी विचारेल. सात बायांचे आकडे रोज वरखाली होतात, कारण माणूस कधी दमतं, कधी उजेड नसतो. एकीचाच तीन आठवडे हलत नाही. रोज चौथा. असं हाताचं काम नसतं, असं फक्त ठरवलेलं असतं. माझ्या लक्षात आलं, त्याच्या नक्की येईल.

२ मार्च

गुंजनला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. आजूबाजूला कोणी नाही असं कानांनी पाहून घेतलं.

"कोण कोण टाकता?" मी विचारलं.

"कायले पायजे?"

"नको सांगू. पण एक ऐक. रोज चौथा नंबर बरा दिसत नाही."

तिने बादली खाली ठेवली.

"एखाद दिवशी तिसरा येऊ दे. एखाद दिवशी सहावा. लोडशेडिंग असेल त्या दिवशी सगळ्यांचं कमी होतं, तिचंही झालं पाहिजे. एप्रिलमध्ये नवा माणूस येणार आहे, तो हुशार आहे."

"तुयापेक्षा?"

"शेठ म्हणतात."

गुंजन हसली. "आमी पाळी लावली बाबू. सोमवारी रामकली, मंगळवारी मी, असं. पहिला येऊ द्यायचा नाही एवढंच ठरलं होतं. हे कमी-जास्त आमाले नाही सुचलं." मग बोटांवर हिशेब करत म्हणाली, "मंग उद्या आखडतं घेतो. उद्या मायीच पाळी हाय."

"फार नको. किमानाच्या वर राहिली पाहिजे."

"ते तुले सांगा लागत नाही," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

किती वरखाली करायचं याचा एक कागद काढून द्यावा असं मनात आलं. मग नाही दिला. त्यांना अंदाज आहे.

३ मार्च

दुपारी लाइट गेली. संध्याकाळी वजनाच्या वेळी मी काट्याजवळ थांबलो. सुखरामने एकेक डबा ठेवला, मोठ्याने आकडे सांगितले, मी लिहिले. सुलोचनाबाईचा डबा हलका आला. किमानाच्या जरा वर, लाइनीत सहावी. गुंजन दुसरीकडे पाहत होती. रामकली उगाच पदर झटकत होती.

सुलोचनाबाईने आपला आकडा ऐकला. मग रिकामा डबा हातात घेतला, त्याच्या तळाशी बोटं फिरवली आणि तोंड आमच्या सगळ्यांच्या दिशेने करून म्हणाली, "आज माया हात जरा मंदच चालला, नाही?"

सुखराम काटा पुसायला लागला.

"चालते कधी कधी," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "उद्या बरा चालन."